गाडीतल्या टेपवर चालेल अशी सीडी

कॅसेटी जाऊन जमाना झाला, तरी गाडीतल्या सीडी प्लेअरला आपण ‘टेप’च म्हणतो. या लेखातही तेच म्हणू. साधारण २००५ ते २०१५ या काळातली गाडी वापरत असाल, किंवा तशी सेकंडहँड घेतली असेल, तर डॅशबोर्डवर सीडीची फट असण्याची बरीच शक्यता आहे. त्या टेपला यूएसबीची जागा असेल, तर सरळ पेन ड्राइव्ह लावा आणि पुढचं वाचायचे कष्ट वाचवा. ज्यांच्याकडे फक्त फटच आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

नवशिक्याची पहिली सीडी बहुतेक वेळा अशी फसते: लॅपटॉपवर खणखणीत वाजते, गाडीत घातली की टेप दोन-तीनदा घुरघुरतो, ‘नो डिस्क’ दाखवतो आणि सीडी परत बाहेर ढकलतो. सीडी खराब असतेच असं नाही. संगणकाचा ड्राइव्ह समोर आलेलं काहीही वाचून बघतो, नाही जमलं तर वेग कमी करून पुन्हा बघतो. टेपला मात्र ठरावीक दोन-तीन प्रकारच ठाऊक असतात, आणि ते त्याला खड्ड्यांतून, धुळीतून, उन्हातून वाचायचे असतात. म्हणून राइट करताना संगणकाला काय सोपं पडतं ते बघू नका, टेपला काय पचतं ते बघा.

आधी टेपचं तोंड वाचा

फटीच्या आसपास बारीक अक्षरात चिन्हं छापलेली असतात. नुसतं ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ असेल, तर त्या टेपला फक्त ऑडिओ सीडी कळते. शेजारी ‘एमपी३’ किंवा ‘डब्ल्यूएमए’ असेल, तर गाण्यांच्या फाइली भरलेली डेटा सीडीही चालेल. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘ऑडिओ’ या भागात एक तक्ता असतो. त्यात कोणत्या फाइली चालतात, किती फोल्डर आणि किती फाइली वाचल्या जातात, ते दिलेलं असतं. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे दोनदा लागेल.

चिन्ह दिसत नसेल आणि पुस्तिकाही हरवली असेल, तर ऑडिओ सीडी करा. सीडी वाजवणाऱ्या कोणत्याही टेपला ती कळते.

ऑडिओ की एमपी३

ऑडिओ सीडी हा फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेला प्रकार. त्यात फाइल नसते, फोल्डर नसतो. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा वेगळा, असे एका लांबलचक सर्पिल रेघेत लिहिलेले असतात. गाणी जास्तीत जास्त ९९ आणि वेळ ८० मिनिटं. इथे मेगाबाइट मोजूच नका, मिनिटं मोजा. ‘माझी गाणी तर सगळी मिळून ९० एमबी आहेत, मग ७०० एमबीच्या सीडीत बसत का नाहीत’ हा प्रश्न हमखास येतो. ९० एमबीची एमपी३ गाणी ऑडिओ सीडीवर जाताना पूर्ण उलगडली जातात, आणि १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, हाच गाण्याचा बिटरेट; तो जितका कमी तितकं गाणं जास्त दाबलेलं) असतील तर ती दीड तासाच्या वर भरतात.

गंमत म्हणजे त्याच ७०० एमबीच्या डिस्कवर ऑडिओ म्हणून सुमारे ८०७ एमबी मावतं. डेटा सीडीत प्रत्येक २३५२ बाइटच्या तुकड्यातले २०४८ बाइटच तुमचे असतात. उरलेल्यात त्या तुकड्याचा पत्ता आणि चुका दुरुस्त करायची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत ती जादा सोय नसते, सगळी जागा आवाजाला जाते. त्यामुळे ऑडिओ सीडीवरचा ओरखडा लगेच ‘टक् टक्’ असा ऐकू येतो.

एमपी३ सीडीचा हिशोब वेगळा. १२८ केबीपीएसला एका डिस्कवर साडेबारा तासांच्या वर, १९२ ला साधारण साडेआठ तास, ३२० ला पाच तास. पाच मिनिटांचं एक गाणं धरलं तर १९२ वर शंभर गाणी आरामात बसतात. मुंबई-गोवा प्रवासाचा बराचसा भाग एका डिस्कमध्ये निघतो. घाटातही ही सीडी कमी अडखळते, कारण टेपच्या छोट्या मेमरीत दाबलेलं संगीत जास्त सेकंदांचं मावतं आणि हादऱ्यात वाचन चुकलं तरी तेवढा वेळ सांभाळून घेतलं जातं.

टेपवर एमपी३चं चिन्ह असेल तर रोजच्या वापराला एमपी३च करावी. मैफलीचं सलग ध्वनिमुद्रण असेल आणि आलापातून बंदिशीकडे जाताना मध्ये खंड नको असेल, तर ऑडिओ सीडी. एमपी३ वाजवताना बहुतेक टेप दोन फाइलींच्या मध्ये क्षणभर थांबतात, आणि नेमका समेच्या आधी आलेला तो क्षण फार खुपतो.

काय लागेल

कोरी सीडी-आर घ्या, ८० मिनिटांची, ७०० एमबीची. ‘आर’ नंतर ‘डब्ल्यू’ असलेली, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, घेऊ नका. सीडी-आर पडलेल्या प्रकाशातला ६५ टक्क्यांहून जास्त परत फेकते, सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. जुन्या टेपच्या दमलेल्या लेझरला एवढ्या अंधूक उजेडात काही वाचता येत नाही. डीव्हीडी-आर तर साध्या सीडी टेपमध्ये कधीच चालणार नाही. आठ सेंटिमीटरची छोटी सीडी फटीच्या टेपमध्ये घालूच नका, आत अडकली की टेप खोलावा लागतो. ९० किंवा ९९ मिनिटांच्या डिस्कही टाळा. त्यांच्यात रेघा जास्त दाटीने बसवलेल्या असतात आणि टेप त्यावर घसरतो.

कोऱ्या सीडी आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतीलच असं नाही. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या मोझर बेअरची कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, त्यामुळे त्या नावाची सीडी मिळालीच तर जुना साठा समजा. वाईटच निघेल असं नाही, पण गठ्ठा घेण्याआधी दोन सुट्या घेऊन बघा. कोरी डिस्क ट्यूबलाइटसमोर आडवी धरली आणि सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर वरचा चकाकणारा थर विरळ आहे. ती परत करा.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या, तो सीडीही लिहितो. त्याची वायर थेट लॅपटॉपमध्ये लावा. चार गोष्टी जोडलेल्या हबवर लावलात तर वीज कमी पडते आणि राइटिंग अर्ध्यावर थांबतं. ड्राइव्हबरोबर दोन टोकांची वायर आली असेल तर दोन्ही टोकं लावा.

गाणी तयार करणं

मोबाइलच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी सीडीवर जात नाहीत. ती कुलूपबंद फाइल असते, त्या ॲपबाहेर उघडत नाही. लागतात त्या विकत घेतलेल्या फाइली, स्वतःच्या सीडींवरून उतरवलेली गाणी, किंवा घरच्या कॅसेटवरून संगणकात घेतलेलं ध्वनिमुद्रण. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू एका ऑडिओ सीडीत मावतात, नव्वदची मावत नाही.

मूळ फाइल जेवढी चांगली तेवढीच सीडी चांगली. १२८ केबीपीएसचं एमपी३ ‘वेव्ह’मध्ये बदललं म्हणून हरवलेले बारकावे परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. ऑडिओ सीडीसाठी फ्लॅक किंवा वेव्ह, म्हणजे काहीही न गमावता साठवलेली फाइल, असेल तर उत्तम, नाहीतर २५६ किंवा ३२० चं एमपी३.

एमपी३ सीडीसाठी सगळ्या फाइली एका साच्यात आणा: एमपी३, ४४.१ किलोहर्ट्झ, स्थिर बिटरेट, १९२ केबीपीएस. बदलता बिटरेट बरेच टेप वाजवतात, पण जुन्यांवर वेळ चुकीची दिसते आणि गाणं पुढे ढकलताना ते गोंधळतात. फ्लॅक आणि एम४ए फाइली पुस्तिकेत स्पष्ट लिहिल्या असतील तरच तशा ठेवा, नाहीतर फ्रॅक किंवा फूबार२००० या प्रोग्रॅममध्ये एमपी३ करून घ्या. आधीच १२८ची एमपी३ असेल तर ती १९२ करायच्या भानगडीत पडू नका, आहे तशी ठेवा.

आवाजाच्या पातळीचं काम बहुतेक जण टाळतात आणि मग गाडी चालवताना सतत बटण फिरवत बसतात. जुनं भावगीत हळू आणि लगेच पुढचं नवं गाणं कानठळ्या बसवणारं, असं होऊ द्यायचं नसेल तर एमपी३गेन नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली घाला, ८९ डेसिबल हे त्याचं ठरलेलं लक्ष्य तसंच ठेवा आणि ‘ट्रॅक गेन’ लावा. यात गाणं पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा उतरत नाही.

फाइलींची नावं

इथे मराठी माणसाची खास अडचण आहे. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं तर बहुतेक टेप चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा नुसती मोकळी जागा दाखवतात. काही तर ती फाइल वगळून पुढे जातात. म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत, आणि आकडेही इंग्रजीच. नावात जोडरेघ किंवा अधोरेघ चालेल, पण ॲपॉस्ट्रॉफी, कंस, अँड-चं चिन्ह नको.

सुरुवातीला दोन आकडी क्रमांक द्या: शून्य-एक, शून्य-दोन, असा. नुसता एक, दोन दिलात तर एकनंतर थेट दहा वाजतं आणि दोन नंबर एकोणिसानंतर येतो, कारण सीडीवर नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात. एका फोल्डरमध्ये शंभरावर गाणी असतील तर तीन आकडी द्या. पेन ड्राइव्हवर बरेचदा कॉपी केलेल्या क्रमाने वाजतं, म्हणून तिथली सवय इथे उपयोगी पडत नाही.

फोल्डर एकाच पातळीवर ठेवा: अभंग, नाट्यसंगीत, पोरांची गाणी, बस्स. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर केलेत तर टेपच्या दोन बटणांनी गाणं शोधायला पुढचा टोलनाका येईल.

गाण्याच्या आत दडलेली माहिती, म्हणजे टॅग, एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये तपासा. आयडी३ ची आवृत्ती २.३ ठेवा, २.४ जुन्या टेपना कळत नाही. टॅगमध्येही इंग्रजी अक्षरं. आणि अल्बमचं चित्र काढून टाका. एक-दोन एमबीचं मुखपृष्ठ प्रत्येक गाण्याला चिकटलेलं असलं की टेप प्रत्येक गाण्याआधी पाच-सहा सेकंद मुका बसतो, आणि लोक सीडीला दोष देतात.

ऑडिओ सीडी राइट करणं

विंडोजवर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जुना विंडोज मीडिया प्लेअर. विंडोज ११ मध्ये तो ‘लेगसी’ नावाने असतो.

१. उजवीकडचा ‘बर्न’ टॅब उघडा. वरच्या छोट्या पर्यायांच्या बटणात ‘ऑडिओ सीडी’ निवडा. तिथे ‘डेटा’ राहिलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

२. गाणी क्रमाने ओढून टाका. वर शिल्लक मिनिटं दिसतात. ८० पूर्ण भरू नका, ७७-७८ वर थांबा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचं गाणं अगदी कडेला येतं. बोटांचे ठसे तिथेच लागतात, डिस्क तिथेच जास्त डुलते आणि टेप सर्वांत आधी तिथेच अडखळतो.

३. ‘मोअर बर्न ऑप्शन्स’मध्ये वेग ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’ करा. आवाज सारखा करण्याची खूण तिथेच आहे. मैफलीची सलग सीडी असेल तर ‘विदाउट गॅप्स’वरही खूण करा.

४. ‘स्टार्ट बर्न’ दाबा आणि संगणकाला निवांत राहू द्या. त्या वेळात दुसरं जड काम नको, लॅपटॉप चार्जरवर असू द्या.

वेग आकड्यांत निवडता येत असेल तर १६एक्स किंवा २४एक्स, म्हणजे वाजायच्या वेगाच्या सोळा किंवा चोवीस पट. ८० मिनिटांची डिस्क १६एक्सला साधारण पाच-सहा मिनिटांत होते. ५२एक्सला खुणा घाईघाईत पडतात, बाहेरच्या कडेला विशेषतः. ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा जुना सल्ला मात्र आता तितकासा खरा नाही. आजच्या डिस्कवरचा रंगाचा थर वेगवान लिखाणासाठी बनवलेला असतो, १एक्स-२एक्सला तो उलट बिघडू शकतो.

गाण्याचं नाव टेपवर दिसावं असं वाटत असेल तर सीडी-टेक्स्ट लिहिणारा प्रोग्रॅम लागेल. विंडोजवर सीडीबर्नरएक्सपी किंवा इमगबर्न, लिनक्सवर केथ्रीबी. मॅकवर म्युझिक ॲपमध्ये प्लेलिस्ट डिस्कवर बर्न करण्याच्या खिडकीतच ती खूण असते. या प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची पद्धत विचारली तर ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा. ‘ट्रॅक ॲट वन्स’ प्रत्येक गाण्यानंतर लेझर बंद करतो, त्यामुळे गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची फट राहते, आणि शेवटी डिस्क बंद (‘फायनलाइज’) करायची, म्हणजे लिखाण संपल्याची नोंद करायची विसरली, तर टेपला ती दिसतच नाही.

एमपी३ सीडी राइट करणं

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की तो विचारतो: ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ की ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’? पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो, आणि तोच घात करतो. त्यात डिस्क यूडीएफ पद्धतीने लिहिली जाते, जी टेपला वाचता येत नाही. दुसराच निवडा. मग फाइली ओढा आणि शेवटी ‘बर्न टू डिस्क’ करा. ते केलं नाही तर फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्येच पडून राहतात आणि डिस्क कोरीच बाहेर येते.

सीडीबर्नरएक्सपी वापरत असाल तर ‘डेटा डिस्क’ घ्या. फाइल सिस्टिम ‘आयएसओ ९६६० आणि जोलिएट’, शेवटी ‘फायनलाइज डिस्क’. ‘डिस्क उघडी ठेवा’ हा पर्याय मोहाचा आहे: आज वीस गाणी, पुढच्या आठवड्यात आणखी वीस. टेप मात्र बहुधा पहिल्या वेळची वीसच दाखवतो, किंवा काहीच नाही. सीडी एकदाच आणि पूर्ण लिहा. अर्धी डिस्क रिकामी गेली तर जाऊ द्या.

हातात आल्यावर

डिस्क उजेडात थोडी तिरकी करा. खालच्या बाजूला मधल्या भोकापासून एक गडद पट्टा आणि त्याच्या बाहेर फिकट कडा दिसेल. गडद तो लिहिलेला भाग. दोघांमधली रेघ गोल आणि स्वच्छ हवी. गडद पट्ट्यात डाग किंवा ढगाळ वर्तुळं असतील तर लिहिताना काहीतरी बिघडलं आहे. मग गाडीत जाऊन पहिलं गाणं, मधलं एक, आणि शेवटच्या गाण्याचं शेवटचं मिनिट ऐका. फक्त पहिलं ऐकून खूश होऊ नका. त्याच्यानंतर गाडी एकदा वाईट रस्त्यावरून फिरवा.

बिघाड ओळखणं

टेप लगेच ‘नो डिस्क’ किंवा ‘एरर’ म्हणतो: प्रकार चुकला, डिस्क बंद केली नाही, किंवा सीडी-आरडब्ल्यू आहे. आधी दुकानातली छापील सीडी घालून बघा. तीही चालत नसेल तर दोष टेपचा. छापील चालते आणि तुमची नाही, तर दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क १६एक्सवर लिहून बघा. या डिस्कवरच्या थराचा रंग वेगवेगळा असतो, कुठे हिरवट, कुठे निळा, कुठे सोनेरी, आणि एकाच टेपला एक रंग चालतो, दुसरा नाही, असं खरंच होतं.

सुरुवात चांगली आणि शेवटी उड्या: कडेला ठसे, जास्त भरलेली डिस्क किंवा जास्त वेग. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. सीडी वाचताना रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटका भाग टेप स्वतः जुळवून घेतो. आडवा ओरखडा प्रत्येक रेघ जेमतेम एका ठिकाणी कापतो, म्हणून निभावतो. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या दिशेनेच लांब जातो आणि तिथे टेप हात टेकतो.

सकाळी वाजते, दुपारी उन्हात नाही: टेप तापला आहे. काही टेप तसा संदेशही दाखवतात. पंधरा मिनिटं एसी लावून पुन्हा बघा. कोकणात पावसाळ्यात उलटं होतं: एसीने गार झालेल्या गाडीचं दार उघडलं की दमट हवा आत येते आणि आतल्या भिंगावर वाफ धरते. अशा वेळी सीडी बाहेर काढून ठेवा आणि थोडा वेळ जाऊ द्या. ब्रश लावलेल्या ‘क्लीनर सीडी’ फटीच्या टेपमध्ये सहसा घालू नयेत. भिंगाचा आधार नाजूक असतो आणि ब्रश कुठे लागेल याचा भरवसा नाही.

नाव कुठे लिहायचं

कागदी स्टिकर लावू नका. मे महिन्यात त्याचा गोंद सुटतो, कोपरा उचलतो, आणि सीडी टेपच्या आतच चिकटून बसते. बॉलपेनही नको. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण तिथे एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक आहे. गाणी असतात वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ लॅकरच्या थराआड. तिथला खोल ओरखडा घासून निघत नाही. सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक पट्टीवर लिहा: तारीख, ‘ऑडिओ’ की ‘एमपी३’, आणि राइट केलेला वेग. तीन महिन्यांनी एखादी डिस्क छान चालते आणि दुसरी नाही, तेव्हा फरक कशाचा हे या तीन नोंदींवरूनच कळतं.

डिस्क डॅशबोर्डवर किंवा सन-व्हायझरच्या खिशात ठेवू नका, उन्हाने थराचा रंग उडतो. सीटखाली डबीत ठेवा, आणि ज्या फाइलींवरून सीडी बनवली ते फोल्डर घरच्या संगणकात तसंच राहू द्या. गाडीतली सीडी वर्षभरात खराब झाली की पाच मिनिटांत दुसरी निघते.